आम्हा गळवाल्यांनाही नियम लावा : मत्स्यव्यवसाय विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मत्स्यव्यवसाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य

विषय : पालघर किनाऱ्यावरची हिवाळी गळाची मासेमारी, लहान माशांची विक्री आणि कागदावरच राहिलेले नियम

स. न. वि. वि.

मी मच्छीमार नाही, हे आधीच सांगून टाकतो. केळवे-माहीम पट्ट्यात माझी छोटी वाडी आहे, पानवेल आणि केळी. घरात बोट नाही, डिझेलचा परतावा नाही, कुठल्या मच्छीमार सोसायटीत शेअरही नाही. तरी दिवाळी सरल्यापासून होळीपर्यंत माझे बरेचसे मोकळे दिवस समुद्रावर जातात, कारण मला गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचं, वेड आहे. वडील हातदोरीला शिसं बांधून गरवायचे, मी रॉड आणि रील वापरतो. मासा लागला तर कालवण, नाहीतर घरी डाळभात आहेच.

माझ्यासारखे आता पुष्कळ झालेत. बोर्डीच्या वाळूवर, वाढवणच्या खडकांवर, डहाणूच्या खाडीच्या तोंडाशी, दातिवऱ्याला वैतरणेच्या मुखावर, शनिवार-रविवारी जिकडेतिकडे रॉड दिसतात. मुंबई-ठाण्याहून गाड्या येतात, वापी-सुरतेहून येतात. काहीजण बोट भाड्याने घेऊन आत जातात. हौस महाग झाली आहे, सामान परदेशी आलं आहे, मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते आले आहेत. नियम तेवढे आलेले नाहीत. किनाऱ्यावर गरवताना आजवर मला कोणी परवाना विचारला नाही, मासा मोजला नाही, किती पकडलेस हेही विचारलं नाही. कोणी विचारत नाही याचं काही वर्षं मला बरं वाटायचं, आता वाटत नाही. म्हणून आपल्याला लिहितो आहे, आणि सगळ्यांसमोर लिहितो आहे, कारण यातला अर्धा मजकूर माझ्यासारख्या गळवाल्यांनीही वाचावा असा आहे.

आमचा हंगाम कसा असतो ते थोडक्यात सांगतो. पावसाचं गढूळ पाणी ओसरायला दसरा-दिवाळी उजाडते. मग पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, सुटते, दिवस वर आला की उत्तरेचा वारा लागतो. खंबायतचं आखात जवळ असल्यामुळे आमच्याकडची भरती-ओहोटी तळकोकणापेक्षा खूप मोठी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी एवढं ओढतं की तळाचा चिखल वर येतो आणि लूर, म्हणजे खोटं आमिष, माशाला दिसतही नाही. अष्टमीच्या आसपास भांग लागला, म्हणजे पाण्याची ओढ कमी झाली, की पाणी निवळतं, तेच आमचे दिवस. जिताडा थंडीत सुस्तावतो, पुढ्यात जिवंत निवटी (चिखलातला छोटा मासा) नाचवली तरी ढुंकून बघत नाही. रावस मात्र बोयांच्या मागे फुटत्या लाटेत येतो. खडकांत गोबरा आणि तांब, खाडीच्या तोंडाशी पालू आणि शिंगाळा, अंधार पडला की वाम. याच दिवसांत किनाऱ्यावर वलांडींवर, म्हणजे बांबूच्या मांडवांवर, बोंबील वाळत असतो, डोल जाळ्याच्या बोटींची ये-जा चालू असते आणि सातपाटीच्या दालदी जाळीवाल्यांची पापलेटची वाट बघणं चालू असतं. आमच्या गळाला लागणारा रावस आणि नाखव्याच्या, म्हणजे बोटमालकाच्या, जाळ्यात येणारा रावस एकाच थव्यातले असतात. त्यामुळे तिकडे जे बिघडतं ते आम्हाला इकडे दिसतं, कधी कधी तर आधी दिसतं.

या हिवाळ्यात जिल्ह्यातल्या एका बाजारात घोळीची पिल्लं वाटे लावून विकायला ठेवलेली पाहिली. पूर्ण वाढलेली घोळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते वाटे बघवणार नाहीत. मी मावशींना म्हटलं, एवढी लहान? त्या म्हणाल्या, "बोटीवरून आलं ते मी विकते. मी काय परत पाण्यात सोडू?" त्यांचं काही चुकलं नाही. प्रश्न त्यांना विचारायचाच नाही, तो आपल्याला विचारायचा आहे.

२०२३ साली आपण ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिलंत. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, बांगडा ११०, सुरमई ३७०, घोळ ७००. निर्णय चांगला होता, तो व्हावा म्हणून संशोधकांनी आणि मच्छीमार संस्थांनी वर्षानुवर्षं डोकं फोडलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चंदेरी पापलेट राज्यमासा झाला. सातपाटीत पेढे वाटण्यासारखी गोष्ट. पण १३५ मिलिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही. एवढी सवलत देऊनही त्याखालचा मासा हिवाळ्यात बाजारात येतो, आणि घोळीच्या ७०० मिलिमीटरचं काय होतं ते वर सांगितलंच.

हा नियम धक्क्यावर पोचलेलाच नाही. एका बंदरावर मी मुद्दाम आकारमानाचा फलक शोधत फिरलो. डिझेलच्या कोट्याचा कागद सापडला, स्वच्छतेची घोषणा सापडली, माशाचं माप कुठेच नाही. जिथे लिलाव होतो, जिथे बर्फ पडतो, जिथे व्यापाऱ्याचा टेम्पो उभा असतो, तिथे एक मोजपट्टी नसावी? तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, विचारलं तर तो म्हणतो, असं काहीतरी आलंय खरं. ५४ जातींची यादी तोंडपाठ कोण करणार? तीही सरकारी मराठीत, जिच्यात निम्म्या माशांची नावं आमच्याकडे कोणी घेत नाही.

इथे एक गोष्ट मात्र मच्छीमारांच्या बाजूने बोललीच पाहिजे. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या, शेवटच्या खोळीतून फळीवर ओतलेला लहान मासा तोवर मेलेला असतो. त्याला परत समुद्रात टाकायला लावून कायदा पाळल्याचं समाधान मिळेल, मासा मिळणार नाही. म्हणून माप आधी जाळ्याचं घ्यावं लागतं. खोळीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, असावा हा नियम याचसाठी आहे: ताण पडला तरी चौकोनी आस मिटत नाही आणि पिल्लं निसटून जातात. नेहमीचा तिरका आस ओढला की मिटतो, मग कागदावर तो कितीही मोठा असो. आस तपासायचा तर बोट निघण्याआधी धक्क्यावरच तपासता येतो, त्याला गस्ती नौकाही लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याने बियाणं दळून खाल्लं तर गाव त्याला वेड्यात काढतं. इथे बियाणं वाटे लावून विकलं जातं आणि दर्जा शेतीचा.

आता आमच्याबद्दल, म्हणजे गळवाल्यांबद्दल.

१९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा बोटीभोवती लिहिलेला आहे. बोटीची नोंदणी, परवाना, इंजीन, जाळं. २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाल्या, दंडाच्या रकमा लाखांत गेल्या, कारवाईचे अधिकार महसूल खात्याकडून मत्स्यव्यवसायाच्या अधिकाऱ्यांकडे आले. पण खडकावर उभा राहून रॉड टाकणारा माणूस त्या कायद्याच्या नजरेत येत नाही. एकटादुकटा होता तोवर ठीक होतं. आता एका भांगाच्या रविवारी खाडीच्या एका तोंडावर जेवढे रॉड उभे असतात तेवढे पूर्वी सगळ्या तालुक्यात नव्हते. आणि आम्ही निवडून निवडून मोठा मासा धरतो, हे कबूल करायला हवं. फोटो मोठ्या माशाचाच निघतो.

जिताड्याचं उदाहरण घ्या. जिताडा जन्माला येतो तो नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून जगतो, वाढतो आणि मग मादी होतो. म्हणजे छातीशी धरून फोटो काढलेला तो भलामोठा जिताडा जवळपास नेहमी मादीच असते, पुढच्या पावसात खाडीच्या मुखाशी लाखोंनी अंडी घालणारी. रावसाचंही असंच, आधी नर, मग मादी. अशा माशांना नुसती खालची मर्यादा पुरत नाही, वरचीही लागते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर हाच जिताडा ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सोडावा लागतो आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तरीही सोडावा लागतो. मधल्या मापाचाच घरी न्यायचा, तोही मोजून. तिथले गळवाले काही आमच्यापेक्षा साधुसंत नाहीत. त्यांच्या डब्यात पट्टी असते कारण ती असावीच लागते.

ट्रॉलवाल्याला जे जमत नाही ते आम्हाला जमतं, हा यातला महत्त्वाचा मुद्दा. गळाला लागलेला मासा जिवंत असतो. उलटा काटा नसलेला गळ वापरला, ओल्या हाताने धरला, वाळूत लोळवला नाही, तर तो पाण्यात सोडल्यावर पोहत जातो. आमच्यावर नियम घालणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात स्वस्त, आणि तेच कोणी करत नाही. काहीजण आपणहून सोडतात, त्यांना बाकीचे हसतात. "तू सोडलास तर पुढचा धरेल," असं मला किती जणांनी ऐकवलं आहे. खरंच आहे ते. नियम सगळ्यांना नसेल तर सोडणारा वेडाच ठरतो.

यातून एक दुसरा धंदाही उभा राहतो आहे. हौसेच्या नावाखाली पकडलेले मासे हॉटेलांना विकले जातात. ज्या माणसाने परवान्याचे, विम्याचे, खलाशांच्या पगाराचे पैसे भरून बोट काढली त्याच्याच बाजारात परवाना नसलेला रविवारचा गळवाला जाऊन बसतो. हे मला तरी न्यायाचं वाटत नाही. हौशी माणसाने पकडलेला मासा विकायचा नाही, एवढा एक ओळीचा नियम करा. माझे काही मित्र माझ्यावर रागावतील, रागावू देत.

घोळीबद्दल वेगळं लिहायला हवं. २०२१ मध्ये मुरब्याच्या एका बोटीला घोळीचा थवा लागला, दीडशेहून जास्त मासे आणि एक कोटीहून जास्त रक्कम. सगळ्या वर्तमानपत्रांत आलं, लॉटरी लागल्यासारखं छापलं. त्या नाखव्याचं मला मनापासून बरं वाटलं होतं. पण किंमत माशाला नव्हती, त्याच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, होती, जे वाळून पूर्व आशियात जातं. घोळ थव्याने एकत्र येते, म्हणजे एका रात्रीत थवाच्या थवा संपूही शकतो. गुजरातने नोव्हेंबर २०२३ मध्ये घोळीला राज्यमासा केलं. आमच्या झाईच्या पलीकडे उंबरगाव, मध्ये फक्त एक हद्द. माप दोन्हीकडे एक नसेल आणि दोन्हीकडे तपासलं जात नसेल, तर लहान घोळ तिकडे उतरवून इकडे विकायला कितीसा वेळ लागतो? दोन राज्यांनी दोन मासे मखरात बसवले. त्यांच्या पिल्लांसाठी एकदा एका टेबलावर बसायला काय हरकत आहे?

रात्रीच्या दिव्यांचंही बोलतो. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. अंधाऱ्या रात्री किनाऱ्यावर गरवत असताना क्षितिजावर पांढरा उजेड आजही दिसतो, झळाळणारा, एका जागी थांबलेला. दिव्याखाली बारीक मासळी जमते, तिच्यामागे मोठी येते, आणि पर्सिनचा, म्हणजे गोल घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याचा, वेढा पडला की लहान-मोठं सगळंच एकदम वर येतं. जानेवारी २०२५ पासून आपण किनाऱ्यावर ड्रोन उडवायला सुरुवात केलीत, नऊ ठिकाणांहून, त्यात आमचं शिरगावही आहे. स्वागत आहे. पण त्या ड्रोननी पालघर जिल्ह्यात किती बोटी टिपल्या, किती प्रकरणांत दंड झाला, किती दंड वसूल झाला, हे दर महिन्याला जाहीर का होत नाही? आणि बारा सागरी मैलांच्या पलीकडे राज्याचा हात पोचत नाही हे उत्तर आम्ही पाठ केलं आहे. दिवे लावणारी बोट शेवटी मासे उतरवायला कुठल्या तरी धक्क्यावर येतेच की.

तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल लिहायला नवं काही उरलेलं नाही. मांगेला या मच्छीमार समाजाच्या परिषदेला त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावं लागलं. नवापूर, दांडी, मुरब्याच्या खाड्यांत ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना हिवाळ्यात पाण्याचा वास सांगावा लागत नाही. ते खातं तुमचं नाही, हे मला माहीत आहे. पण मेलेला मासा तुमच्याच खात्यातला असतो, त्याची नोंद तरी ठेवा.

राहिलं वाढवण. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटींच्या वर खर्चाच्या बंदराला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत. मी या बंदराच्या विरोधात आहे, लपवत नाही. १९९१ मध्ये पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झालेल्या डहाणू तालुक्यात ते बसत नाही असं मला वाटतं, आणि १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणालाही तसंच वाटलं होतं. पण हे पत्र त्या लढाईचं नाही, ती किनाऱ्यावरची गावं माझ्यापेक्षा जास्त ताकदीने लढत आली आहेत. माझं मागणं लहान आहे. वाढवण-वरोरच्या खडकांवर ओहोटीला बायका कालवं फोडतात, शिवल्या वेचतात, पोरं निवट्या धरतात, आमच्यासारखे गोबऱ्याला गळ लावतात. तिथे यातलं काहीही बोटीच्या हिशेबात येत नाही. नुकसानभरपाईची यादी बोटी, जाळी आणि परवान्यांवरून होणार असेल तर ही माणसं तिच्यात कुठे बसतील? भराव वाढण्याआधी त्या खडकांवर कोणता मासा, कोणत्या महिन्यात, किती मिळतो याची नोंद करून ती मराठीत प्रसिद्ध करा. नंतर काय गेलं हे सांगायला आधी काय होतं ते लिहिलेलं हवं.

आता मागण्या एकत्र मांडतो. मोठ्या नाहीत.

झाईपासून दातिवऱ्यापर्यंत प्रत्येक मासे उतरवण्याच्या धक्क्यावर आणि मोठ्या बाजारात आकारमानाचा फलक लावा. त्यावर चित्र, स्थानिक नाव आणि खऱ्या लांबीची पट्टी असू द्या, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही मासा ठेवून बघता येईल. ५४ जाती एका फलकावर मावत नसतील तर आमच्याकडे येणाऱ्या पंधरा-वीस पुरेत. ट्रॉलच्या खोळीचा आस जुलैअखेर, पावसाळी बंदी उठून बोटी निघण्याआधी, धक्क्यावर तपासा. कारवाई करायची तर बोट आणि घाऊक व्यापारी यांच्यावर करा, पाटी घेऊन बसलेल्या बाईवर नको.

हौशी गळाच्या मासेमारीसाठी वेगळी, साधी नियमावली करा. वर्षाला नाममात्र शुल्काची नोंदणी, दिवसाला किती मासे ठेवायचे याची मर्यादा, जिताडा आणि रावसाला खालची तशीच वरचीही मर्यादा, आणि विक्रीला मनाई. पोटासाठी हातदोरी टाकणाऱ्या आदिवासी आणि मच्छीमार कुटुंबांना यातून पूर्ण सूट. हे कलम पहिलं लिहा, नाहीतर नियम आमच्यासाठी होतील आणि पावती त्यांच्या हातात पडेल. जमा झालेलं शुल्क याच किनाऱ्यावरच्या फलकांसाठी आणि तपासणीसाठी वापरा. भाड्याने हौशी लोकांना नेणाऱ्या बोटींना स्वतंत्र परवाना द्या आणि माणसागणिक लाइफ जॅकेट सक्तीचं करा. वाढवणसारख्या खडकांवर भरती मागून येते आणि परतीची वाट आधी बुडते, तिथे धोक्याची पाटी हवी. करवत मासा आणि व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते लागले तर काय करायचं हे त्याच नियमावलीत चित्रासह लिहा.

एलईडी आणि पर्सिनवरच्या कारवाईचे जिल्हावार आकडे दर महिन्याला प्रसिद्ध करा. रात्री उजेड दिसला तर कळवायला एक क्रमांक द्या, आणि तो रात्री उचलला जाईल एवढं बघा. गुजरातबरोबर घोळ आणि पापलेटच्या मापाबद्दल एक बैठक घ्या.

नियमावलीचा मसुदा करताना सातपाटी, मुरबे, डहाणू, झाई इथल्या सोसायट्यांना बोलवा, मासळी विकणाऱ्या बायकांना बोलवा, आणि आम्हा गळवाल्यांपैकी दोघा-तिघांना मागच्या खुर्चीवर बसवा. बैठक मुंबईत नको, पालघरला घ्या, आणि उधाणाच्या दिवशी नको, कारण तेव्हा नाखवे यायचे नाहीत. पुढच्या दिवाळीआधी हे सगळं होऊ शकतं, यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा नाही, शासन निर्णय पुरतो.

आपलं उत्तर आलं तर ते एक शब्दही न बदलता याच जागी प्रसिद्ध करीन.

आपला,
पालघर तालुक्यातला एक गळवाला